प्रदूषक 'गेला' म्हणजे नेमका कुठे गेला?

काचनळी

पाणी किंवा माती शुद्ध करण्याच्या बहुतेक प्रकल्पांच्या अहवालात शेवटी एक तक्ता असतो. एका रकान्यात 'आधी', दुसऱ्यात 'नंतर', तिसऱ्यात टक्केवारी. ९२, ९७, ९९. या तिसऱ्या रकान्यावर निधी मिळतो, प्रबंध मान्य होतात, फायली बंद होतात. मी ॲनालिटिकल केमिस्ट्रीत काम करते आणि या रकान्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

'नंतर'चा आकडा कमी आला तर पदार्थ खरोखर नष्ट झालेला असू शकतो. पण तो नुसता पातळ झालेला असू शकतो, पाण्यातून निघून गाळात किंवा हवेत गेलेला असू शकतो, किंवा रूप पालटून दुसरंच काही झालेला असू शकतो. आणि तो होता तिथेच असूनही आपल्या मोजणीत न आलेला असू शकतो. तक्त्यात हे सगळं हुबेहूब सारखं दिसतं. यातलं काय घडलं हे ओळखणं हेच आमच्या विषयाचं खरं काम आहे. प्रकल्प संपल्यावर चार बाटल्या लॅबला पाठवून ते होत नाही, ते आराखड्यातच बसवावं लागतं.

बाटलीचंच घ्या. आर्सेनिक असलेलं खोल भूजल उपसतो तेव्हा ते बहुधा नितळ असतं. खाली ऑक्सिजन नसल्यामुळे त्यातलं लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं. बाटलीत भरलं की हवा लागते, लोह फेरिक होतं आणि थोड्या वेळाने तळाशी तांबूस साका धरायला लागतो. हा साका आर्सेनिक धरून ठेवण्यात पटाईत. आर्सेनिक काढायच्या कितीतरी फिल्टरांत मुद्दाम हीच क्रिया वापरतात. आता ही बाटली आम्ल न घालता लॅबमध्ये गेली आणि तिथे वरवरचं स्वच्छ पाणी पिपेटने घेतलं, तर शुद्धीकरण वाटेतच उरकलेलं असतं. उपकरण बरोबर, वाचन बरोबर, आणि विहिरीबद्दलचा निष्कर्ष साफ चुकीचा. म्हणून विरघळलेले धातू मोजायचे तर नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायचा आणि नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा. हे काम ज्याच्या हातात असतं त्याला बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी प्रशिक्षण दिलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाटली नीट आली तरी आर्सेनिक 'एकूण किती' एवढ्याने भागत नाही. पाण्यात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असतं, आर्सेनेट आणि आर्सेनाइट. नेहमीच्या पाण्याच्या पीएचला आर्सेनेट विद्युतभारित असतं, त्यामुळे लोहाच्या हायड्रॉक्साइडवर सहज चिकटतं. आर्सेनाइट त्याच पीएचला जवळजवळ भाररहित असतं आणि बरंचसं निसटून जातं. एकूण आकडा सारखा असलेल्या दोन विहिरींत तोच फिल्टर एकीकडे उत्तम चालतो, दुसरीकडे नापास होतो. दुसरीत आधी ऑक्सिडीकरण करावं लागतं. हे कळायला दोन्ही रूपं वेगवेगळी मोजली पाहिजेत.

मोजणीतही खाचा आहेत. आयसीपी-एमएस या, अणूंना वस्तुमानावरून ओळखणाऱ्या, यंत्रात नमुना आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, जातो. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ यांची जोडी जमते, तिचंही ७५. खाऱ्या पाण्यात यंत्र नसलेलं आर्सेनिक दाखवू शकतं. यावर उपाय आहे: यंत्रातल्या एका कोषात हेलियम सोडतात, आकाराने मोठ्या जोडीच्या जास्त धडका होऊन तिची ऊर्जा संपते आणि ती मागे राहते. पण हे माहीत असणारा माणूस यंत्रासमोर हवा.

चुकीचं मोजल्याने, किंवा मोजलंच नसल्याने, काय होतं याचं जपानमधल्या मिनामाताइतकं जड उदाहरण दुसरं नाही. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात गेलेला पारा माशांतून माणसांत पोचला आणि मज्जासंस्थेचा आजार पसरला. त्याची अधिकृत नोंद १९५६ ची. सेंद्रिय पाऱ्याकडे कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये बोट दाखवलं. त्याच वर्षाच्या शेवटी चिस्सो कंपनीने 'सायक्लेटर' नावाचं शुद्धीकरण यंत्र वाजतगाजत बसवलं आणि प्रश्न मिटला असा समज पसरला. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. पारा समुद्रात जाणं थांबलं १९६८ मध्ये, ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन बंद झालं तेव्हा. मधल्या वर्षांत यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला मिथाइल पारा, म्हणजे तोच सेंद्रिय पारा, कुणी मोजून जाहीर केला असता तर किती माणसं वाचली असती, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

इथे लॅबमध्ये, प्रकल्पांवर, शेतजमिनीवर काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडे 'गेला' हे कशावरून ठरतं? सविस्तर लिहा.

---

शंकासूर

उत्तम धागा. रसायनशास्त्र कॉलेजपर्यंतच शिकलो, म्हणून प्राथमिक प्रश्न. पाण्याच्या रिपोर्टवर 'बीडीएल' लिहिलेलं असतं. मी ते शून्य असं वाचत आलो. बरोबर ना?

---

काचनळी

शंकासूर, नाही. 'शोधमर्यादेच्या खाली' एवढाच त्याचा अर्थ. ती मर्यादा किती, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर त्या शब्दाला काहीच किंमत नाही. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. लॅबची पद्धत ५० च्या खाली बघूच शकत नसेल तर ४० असलेल्या पाण्यालाही 'बीडीएल' मिळेल.

मर्यादा ठरते कोऱ्या नमुन्यावरून, म्हणजे ब्लँकवरून. ज्यात पदार्थ नाही असं पाणी पुन्हा पुन्हा मोजायचं. वाचन दर वेळी थोडं हलतं. त्या हलण्याच्या प्रमाण विचलनाच्या साधारण तिप्पट सिग्नल आला तर 'आहे' म्हणता येतं, दसपट आला तर 'इतका आहे' म्हणता येतं. मधल्या पट्ट्यात पदार्थ आहे, पण आकडा भरवशाचा नाही.

आणखी एक, हे फार दिसतं. सरासरी काढताना 'बीडीएल'च्या जागी शून्य घालतात. 'आधी'चे नमुने मर्यादेच्या वर आणि 'नंतर'चे निम्मे खाली असतील तर निव्वळ या शून्यांमुळे टक्केवारी फुगते. कच्चा तक्ता मागून घ्या, मर्यादेसकट.

---

रानजाई

मी व्यावसायिक पाणी तपासणी लॅबमध्ये बरीच वर्षं आहे. वरच्या शब्दन् शब्दाशी सहमत.

आमच्याकडे नमुना आणणारा माणूस विचारतो तो प्रश्न असा: "रिपोर्ट पास येईल ना?" एका कारखान्याच्या माणसाने तर आमची मर्यादा जास्त असलेली जुनी पद्धत वापरा, तिचे पैसे देतो, असं तोंडावर सांगितलं होतं. आमच्या प्रमुखांनी नमुना परत केला. मला त्या दिवशी या कामाचा अभिमान वाटला.

बाहेरच्यांनी रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की नाही हे कसं ठरवायचं? आकड्याच्या आधी त्याच्या सोबतचे चार आकडे मागा. त्याच दिवशीचा ब्लँक किती आला. जागेवर नेऊन उघडलेला फील्ड ब्लँक किती आला. नमुन्यात ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळली तेव्हा त्यातली किती परत मिळाली, ज्याला आम्ही स्पाइक रिकव्हरी म्हणतो. आणि प्रमाणित संदर्भ पदार्थाचं, म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे त्याचं, मूल्य जुळलं का. स्पाइकची परतफेड ४० टक्के असेल तर 'कमी झालेलं' प्रदूषण आमच्याच काचेला चिकटून बसलेलं असू शकतं. गाळाच्या आणि चिखलाच्या नमुन्यांत हे सर्रास होतं.

ब्लँकचा विषय निघालाच आहे तर अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचं नाव घ्यायलाच हवं. पृथ्वीचं वय ठरवण्यासाठी शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजताना त्यांच्या लक्षात आलं की शिसं हवेतून, काचेतून, रसायनांतून, माणसाच्या केसांतूनही नमुन्यात येतंय. म्हणून त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली. वयाचा आकडा आला, १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं, पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १९८० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने दाखवलं की ताज्या ट्यूना माशाच्या स्नायूत शिसं ग्रॅमला ०.३ नॅनोग्रॅम आहे. इतर लॅब त्याच माशात ४०० च्या आसपास सांगत होत्या. शिशाचा डाख दिलेल्या डब्यातल्या माशात १४००. म्हणजे इतरांच्या आकड्यावरून डब्याने शिसं तीन-चार पट वाढतं असं वाटायचं, प्रत्यक्षात ते हजारो पटींनी वाढत होतं. घाणेरड्या ब्लँकने मूळ नैसर्गिक पातळीच दिसेनाशी केली होती. पेट्रोलमधल्या शिशाविरुद्धच्या लढ्याला बळ मिळालं ते अशा मोजणीतून.

---

बंधारा

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं चालवतो, त्यामुळे थोडी उलट बाजू मांडतो.

तुम्ही म्हणता ते सगळं खरं, पण केंद्र चालवणाऱ्याला दर तासाला निर्णय घ्यायचा असतो. बीओडीचं, म्हणजे जिवाणूंना पाण्यातली सेंद्रिय घाण खायला किती ऑक्सिजन लागतो याचं, उत्तर पाच दिवसांनी येतं. सीओडीला, म्हणजे तीच गोष्ट जिवाणूंऐवजी रसायनाने मोजायला, दोन तास उकळावं लागतं. आयसीपी-एमएसचा रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी नदीत जाऊन पोचलेलं असतं. मी चालतो पीएच, विद्युतवाहकता, ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण विभव), गढूळपणा आणि ऑनलाइन टीओसीवर (एकूण सेंद्रिय कार्बन). ही साधनं ढोबळ आहेत, पण रात्री दोनला कुणी टाकी सोडली तर वाहकतेचा आलेख उसळी मारतो. महिन्यातून एकदा घेतलेला तुमचा उत्तम नमुना ते कधीच पकडणार नाही.

हेक्साव्हॅलंट क्रोमियमचंच बघा, हे क्रोमियमचं विषारी रूप. आम्ही पीएच २ ते ३ ला आणून बायसल्फाइट देतो, ओआरपी खाली उतरली की क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) झालं असं समजतो, मग चुन्याने पीएच ८ च्या पुढे नेऊन त्यातून झालेलं कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम साक्यात बसवतो. शेवटी डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब. जांभळा रंग आला तर तुकडी परत टाकीत. रंगाची ही चाचणी स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटांत होते, आणि नेमक्या विषारी रूपालाच दाखवते. प्रत्येक वेळी महागड्या यंत्राची गरज नसते, एवढंच म्हणायचंय.

बीओडीबद्दल एक. सीओडी जास्त आणि बीओडी अगदी कमी आला की नवखे लोक खूश होतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे असा असतो. बीओडीच्या बाटलीतले जिवाणूच मेले, तर ऑक्सिजन खाणार कोण?

---

काचनळी

बंधारा, ही उलट बाजू नाही, माझ्याच मुद्द्याचा पुढचा भाग आहे. डायफेनिलकार्बाझाइड ही रूप ओळखणारी चाचणीच आहे आणि ती मला फार आवडते. सतत चालणारी ढोबळ साधनं आणि अधूनमधूनची सखोल मोजणी यांची जोडी हवी. वाहकतेच्या आलेखाने उसळी मारली की स्वयंचलित सॅम्पलरने तेव्हाच बाटली भरून ठेवावी, आणि ती बाटली मग सखोल तपासावी.

तुमच्या क्रोमियमबद्दल दोन गोष्टी जोडते. हेक्साव्हॅलंटचा नमुना धातूंच्या नेहमीच्या सवयीने आम्लात टाकू नये. आम्लात तो पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे ट्रायव्हॅलंट होत जातो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. दुसरं, साका जिथे टाकता तिथल्या मातीत मँगनीज ऑक्साइड असेल तर ट्रायव्हॅलंट पुन्हा हेक्साव्हॅलंट होऊ शकतो. तो हळूहळू होतो, म्हणूनच साक्याच्या जागेभोवतालचं भूजल अनेक वर्षं बघत राहावं लागतं. त्यासाठी अहवालात कुणी पैसे धरत नाही.

---

पिंपळपान

वाचतेय. सायक्लेटरबद्दल प्रथमच कळलं.

---

बुरशी

सूक्ष्मजीवशास्त्राकडून थोडं.

'रूप पालटणं' किती महागात पडू शकतं याचं आमच्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. धातूचे भाग धुवायचं द्रावक, पाण्यापेक्षा जड, त्यामुळे सांडलं की भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं. ऑक्सिजनरहित भूजलात काही जिवाणू त्यातले क्लोरीन एकेक करून काढतात. आधी डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथिलीन. शेवटची पायरी मुख्यतः डिहॅलोकॉकॉइड्स गटाचे जिवाणू करतात, आणि ते प्रत्येक जागी नसतात. ते नसले की गाडी मध्येच अडकते.

आता फक्त ट्रायक्लोरोइथिलीन मोजणाऱ्या लॅबचा रिपोर्ट बघा: ९९ टक्के गेलं. जमिनीखाली मात्र व्हिनाइल क्लोराइड साठत चाललेलं असतं, जो खात्रीने कर्करोगकारक आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची २. म्हणजे जागा शुद्ध होण्याऐवजी बिघडली, आणि कागदावर यश. सगळी साखळी मोजली, वजनाऐवजी मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत, बेरीज केली, आणि इथिलीनही पकडलं, तरच हिशेब लागतो. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी गळती आहे.

सोबत आम्ही व्हिनाइल क्लोराइड तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक पीसीआरने मोजतो. रसायन आणि जनुक दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर बोलायला आधार मिळतो.

---

भूस्तर

बुरशींच्या मुद्द्याला धरूनच. पातळ होणं आणि नष्ट होणं यांत फरक कसा करायचा याची दोन फार सुंदर उत्तरं आहेत.

पहिलं समस्थानिकांचं. कार्बन-१२ चा बंध कार्बन-१३ च्या बंधापेक्षा किंचित लवकर तुटतो. त्यामुळे पदार्थ खरोखर तुटत असेल तर उरलेल्या भागात कार्बन-१३ चं प्रमाण वाढत जातं. पावसाच्या पाण्याने नुसता पातळ झाला तर हे प्रमाण तसूभर हलत नाही. एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीपर्यंत जाताना उरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन 'जड' होत गेलं की वाटेत काहीतरी ते तोडतंय हे ठामपणे सांगता येतं.

दुसरं तेलगळतीचं. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डेझ जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं. किनाऱ्यावरचं तेल जिवाणूंनी लवकर खावं म्हणून नायट्रोजन आणि फॉस्फरसची खतं टाकली. प्रश्न असा की तेल कमी झालं ते जिवाणूंमुळे की लाटांनी धुऊन नेलं म्हणून? किनारा इतका असमान, की एका दगडाखाली चिकटा आणि शेजारच्या दगडाखाली काहीच नाही. नुसतं 'किलोला किती ग्रॅम तेल' मोजून काही कळेना. मग संशोधकांनी तेलातच असलेल्या होपेन नावाच्या संयुगाचा आधार घेतला. ते जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. लाट तेल नेते तेव्हा होपेनही सोबत नेते, जिवाणू मात्र बाकीचं खातात आणि होपेन मागे ठेवतात. होपेनच्या तुलनेत बाकीची हायड्रोकार्बन्स किती उरली हे बघितलं की जिवाणूंचा वाटा वेगळा काढता येतो. त्याआधी प्रिस्टेनशी तुलना करायचे, पण प्रिस्टेनही जिवाणू खातात असं दिसलं, त्यामुळे यश कमी भासायचं. संदर्भ म्हणून काय धरलं यावर सगळं उत्तर अवलंबून.

---

शेवाळ

पीएचडीचं दुसरं वर्ष. काचनळीताई, तुमचा धागा वाचून पोटात गोळा आला आहे. मी लोहाचा लेप दिलेला बायोचार (कमी हवेत तापवून केलेला जैव कोळसा) करते आहे. बॅच प्रयोगात, म्हणजे पाणी आणि बायोचार एकाच भांड्यात ढवळून, आर्सेनेट ९८ टक्के गेलं, सुरुवात लिटरला ५० मिलिग्रॅम, डिआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, पीएच ५. गाइड म्हणतात पेपर लिहायला घे. यातलं काय पुरेसं नाही?

---

काचनळी

शेवाळ, पदार्थ चांगला असेलही, आणि प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस. आधी साधं गणित कर. ५० मिलिग्रॅमचे ९८ टक्के गेले म्हणजे १ मिलिग्रॅम उरला, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मार्गदर्शक मूल्याच्या शंभरपट. त्या पाण्याला कुणी शुद्ध म्हणणार नाही. म्हणून टक्के सोड, उरलेला आकडा लिही.

दूषित भूजलात आर्सेनिक साधारण दहांपासून शेकडो मायक्रोग्रॅमपर्यंत सापडतं. तिथून सुरुवात कर आणि १० च्या खाली उतरतं का बघ. ५० मिलिग्रॅमला मिळालेली धारणक्षमता त्या पातळीला लागू पडत नाही, पाण्यात किती उरलं आणि किती चिकटलं याच्या वक्राचा तो भागच वेगळा असतो.

पाणीही खऱ्यासारखं घे. फॉस्फेटची रचना आर्सेनेटच्या इतकी जवळची आहे की लोहाच्या त्याच जागांसाठी दोघांची झुंज होते. सिलिकाही जागा अडवते, बायकार्बोनेटही थोडी. पीएच ७ ते ८ ठेव. यानंतर तुझे ९८ चे ६० झाले तरी तो पेपर जास्त मोलाचा, कारण तो वाचून कुणीतरी काहीतरी बांधू शकेल. कोऱ्या पाण्यातल्या उत्तम आकड्यांचे पेपर ढिगाने आहेत. ते वाचून एकही फिल्टर बांधता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

बंधारा

शेवाळ, माझ्याकडून एक जोड. बॅच झाल्यावर कॉलम, म्हणजे बायोचार भरलेली नळी, लाव. पाणी वाहतं ठेव आणि किती कॉलम-आकारमानं गेल्यावर १० मायक्रोग्रॅमची रेषा ओलांडली जाते ते दे. मला विकत घ्यायचं तर तोच आकडा लागतो.

आणि भरलेला माल शेवटी टाकणार कुठे? हे कुणी लिहीत नाही.

---

रानजाई

बंधारांच्या शेवटच्या प्रश्नावर. सहसा टीसीएलपी ही, कचऱ्यातून विष किती पाझरतं हे बघायची, चाचणी करतात: घन पदार्थाच्या वीसपट वजनाचं ॲसेटिक आम्लाचं द्रावण, अठरा तास फिरवायचं, अर्कात आर्सेनिक लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत असलं की घातक कचरा नाही. लोहावर चिकटलेलं आर्सेनिक ही चाचणी आरामात पास होतं, कारण किंचित आम्लात आर्सेनेट लोहाला आणखी घट्ट धरून बसतं. कचराभूमीच्या पोटात मात्र ऑक्सिजन नसतो. फेरिक लोह क्षपण होऊन विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक सोडून देतं. तेव्हा शेवाळ, टीसीएलपी कर, पण ऑक्सिजनशिवाय काही आठवडे ठेवलेली चाचणीही कर.

आमच्या घरचंही सांगते. सीओडीच्या प्रत्येक नळीत डायक्रोमेट असतं, सिल्व्हर सल्फेट असतं, आणि क्लोराइडचा अडथळा टाळायला मर्क्युरिक सल्फेट. प्रदूषण मोजताना आम्ही पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम असलेलं टाकाऊ तयार करतो. ते वेगळं गोळा करून योग्य ठिकाणी देणं ही लॅबची जबाबदारी आहे. लहान आकाराच्या नळ्यांची पद्धत आल्यापासून प्रमाण बरंच खाली आलंय.

---

पाणलोट

पीफास, म्हणजे फ्लोरिन असलेली मानवनिर्मित रसायनं, राहिलं. कार्बन-फ्लोरिनच्या बंधामुळे ही कुटुंबं तुटत नाहीत म्हणून 'कायमची रसायनं' म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅमवर आणली. २५ लाख लिटरच्या तलावात १० मिलिग्रॅम, इतकं ते कमी. या पातळीला टेफ्लॉनचं झाकणसुद्धा नमुना बिघडवू शकतं, म्हणून बाटलीपासून पंपाच्या नळीपर्यंत सगळं तपासून घ्यावं लागतं.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे: सांडपाणी केंद्रात आत येताना पीएफओए कमी आणि बाहेर पडताना जास्त असं अनेकदा मोजलं गेलंय. केंद्र ते तयार कुठून करतं? येणाऱ्या पाण्यात त्याची पूर्वसंयुगं असतात, ती ठरावीक यादीत नसल्याने मोजली जात नाहीत, आणि जिवाणू त्यांचं पीएफओए करून देतात. म्हणून नमुन्याचं जोरदार ऑक्सिडीकरण करून आधी आणि नंतर मोजायची पद्धत निघाली, म्हणजे लपलेला साठा उघडा पडतो. शिवाय कार्बन फिल्टरमधून लांब साखळीची संयुगं अडतात, आखूड साखळीची लवकर निसटतात. यादीत फक्त लांब साखळी असेल तर फिल्टर उत्तमच दिसणार.

---

शंकासूर

मग यादीतच नसलेलं शोधायचं कसं? हजारो रसायनं आहेत. कुणाच्या नावाने शोध घेणार?

---

पाणलोट

शंकासूर, याचं अलीकडचं सर्वोत्तम उत्तर कोहो साल्मनचं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला की शहरी ओढ्यांत हे मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. ओळखीच्या सगळ्या प्रदूषकांच्या पातळ्या मोजल्या, एकही जुळेना. संशय टायरच्या झिजेवर आला. मग संशोधकांनी टायरच्या चुऱ्याचा अर्क घेऊन तो टप्प्याटप्प्याने वेगळा केला आणि प्रत्येक भाग माशांवर तपासला. मारणारा भाग ठेवायचा, बाकीचे सोडायचे, तो भाग पुन्हा फोडायचा. शेवटी उच्च-विभेदन मास स्पेक्ट्रोमीटरने एक सूत्र दिलं, जे टायरमध्ये घातलेल्या कुठल्याच पदार्थाशी जुळत नव्हतं. टायर लवकर तडकू नये म्हणून घातलेल्या ६पीपीडी या पदार्थावर हवेतल्या ओझोनची क्रिया होऊन ते बनत होतं, ६पीपीडी-क्विनोन. हे २०२० च्या शेवटी प्रसिद्ध झालं.

पुढचा भाग रानजाईंना आवडेल. तेव्हा त्या पदार्थाचं बाजारात शुद्ध स्टँडर्ड, म्हणजे मोजणी ज्याच्याशी ताडून बघायची तो नमुना, नव्हतं. निम्मे मासे मारणारी मात्रा लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम काढली होती. स्टँडर्ड मिळाल्यावर २०२२ मध्ये तेच पुन्हा मोजलं तर ती ०.०९५ निघाली. विष आठपट तीव्र, आणि फरक कॅलिब्रेशनचा.

---

शेवाळ

सगळ्यांचे आभार. गाइडशी बोलले. आधी थोडे नाराज होते, पण ५० मिलिग्रॅमचं गणित दाखवल्यावर कॉलमला हो म्हणाले. सुरुवात २०० मायक्रोग्रॅम आर्सेनेट, सोबत फॉस्फेट, सिलिका, बायकार्बोनेट, पीएच ७.५. बाहेर येणाऱ्या पाण्यात फक्त आर्सेनिक मोजलं तर चालेल ना? यंत्राचा वेळ मोजका मिळतो.

---

काचनळी

शेवाळ, लोह आणि फॉस्फरस त्याच रनमध्ये मोज, आयसीपी-एमएसला वेगळा वेळ फारसा लागत नाही. बाहेर लोह दिसलं तर तुझा लेप सुटतोय, आणि त्या कणांवर बसून आर्सेनिकही बाहेर जातंय. म्हणून प्रत्येक वेळी दोन बाटल्या: एक गाळलेली, एक न गाळलेली, दोन्हींत आम्ल. दोन्हींतला फरक म्हणजे कणांवरून गेलेलं आर्सेनिक.

अर्ध्या टप्प्यावर एक दिवस कॉलमला आर्सेनाइट देऊन बघ. आणि शेवटी कॉलम फोडून तीन थरांतला बायोचार आम्लात विरघळवून घे. आत गेलेलं आर्सेनिक, बाहेर आलेलं आणि बायोचारवर सापडलेलं यांचा हिशेब पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे. जुळला नाही तर पेपर थांबव आणि नळ्या, बाटल्यांच्या भिंती, वरचा काचलोकरीचा बोळा तपास.